शेपटीतलं ओझं

दुकानात किंवा कुणाच्या गॅरेजात उभी असलेली कयाक रिकामी असते. आत बसून पाहिलं, मांड्या टेकवल्या, कंबर डावीउजवीकडे झुलवली की ती लगेच आपलीशी वाटायला लागते. पण पदुमहून निमूला निघालेली कयाक रिकामी नसते. तिच्या पोटात तंबू असतो, पाच दिवसांचा शिधा असतो, स्टोव्ह, दोर, सुटे तुकडे जोडून करायचं जादा वल्हं असतं. ती दुसरीच होडी असते, आणि निवड करताना नेमकी तीच डोळ्यांसमोर नसते.

जंस्कार नदीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. लडाखात पदुमपाशी स्तोद आणि त्सारप या दोन नद्या मिळून जंस्कार होते आणि सुमारे १४० किलोमीटर वाहून निमूला सिंधूला मिळते. साडेतीन हजार मीटरच्या आसपासची उंची, बर्फाचं वितळलेलं राखाडी पाणी, मोसम जुलै-ऑगस्टचा. सुरुवातीचं खोरं रुंद आणि सपाट आहे, पाणी धावतं पण भांडत नाही. झांगला मागे पडलं की डोंगर जवळ येतात आणि घळ सुरू होते. नेरकपाशी एवढी मोठी नदी काही मीटरांच्या फटीतून जाते. खाली चिलिंगजवळ मारखा येऊन मिळते, आणि निमूपर्यंतच्या उरलेल्या टप्प्यात लाटा पुन्हा उंच होतात. खळाळांची अवघडपणानुसार एक ते सहा अशी श्रेणी लावतात; इथले बहुतेक तिसऱ्या श्रेणीचे, पाणी चढलं की चौथ्या. म्हणजे या एकाच प्रवासात सपाट पाणी, समोरून येणारा दुपारचा वारा, भोवरे आणि मोठ्या लाटा सगळंच भेटतं. होडी निवडायला असं पाणी चांगलं, कारण एका गुणावर भाळून घेतलेली होडी इथे लवकर उघडी पडते.

कयाकचं मॉडेल ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: सामान कोण वाहणार? जंस्कारवर बहुतेक सहली राफ्टच्या सोबतीने होतात. तंबू, भांडी, शिधा सगळं राफ्टवर आणि कयाकवाले मोकळे. तसं असेल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल. रोजच्या सवयीची, हातात बसलेली होडी घ्या आणि निघा. खरा पेच राफ्ट नसते तेव्हाचा. तिथे कयाक हेच घर आणि हीच बैलगाडी.

आता वजनाचा हिशेब. लडाखच्या थंडीला पुरेल अशी स्लीपिंग बॅग दीड किलो, चटई अर्धा, हलका तंबू दोन, किनाऱ्यावरचे कपडे दोन, स्टोव्ह आणि इंधन सव्वा, प्यायचं पाणी दोन, औषधं आणि दुरुस्तीचं सामान दीड, चार तुकड्यांचं जादा वल्हं सव्वा, फेकायचा दोर आणि अडकलेली होडी ओढायच्या पुल्या, कॅराबिनर, पट्टे मिळून दोन. शिधा रोजी ८०० ते ९०० ग्रॅम धरला तर पाच दिवसांचा साडेचार किलो. पोहे, सातूचं पीठ, मेतकूट, तूप, गूळ ही आपली मंडळी इथे फार कामाची: वजनाला हलकी, उष्मांकाला जड, आणि स्टोव्ह रुसला तरी खाता येतात. बेरीज साडेअठरा किलो होते. कॅमेरा, पुस्तक, बसायची घडीची खुर्ची यात नाही. बसायच्या खुर्चीबद्दल फार आडून बोलण्यात अर्थ नाही. ती घरी ठेवा.

या आकड्यात माणूस मिळवायचा. ७२ किलोचा माणूस, अंगावरचा ड्रायसूट, हेल्मेट, लाइफ जॅकेट, बूट मिळून सहा किलो, आणि हे साडेअठरा. म्हणजे जवळजवळ ९७. कंपन्या प्रत्येक मापासमोर किमान ते कमाल असा वजनाचा पट्टा छापतात, आणि लोक तिथे स्वतःचं सकाळचं, काट्यावरचं वजन लावून पाहतात. ७२ किलोच्या माणसाला जी होडी पट्ट्याच्या मधोमध दिसते, ती भरल्यावर बऱ्याचदा पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाते.

आकारमान लिटरमध्ये पाहिलं तर गोष्ट आणखी स्पष्ट होते, कारण आर्किमिडीज कुणाची भीड ठेवत नाही. ३०० लिटरच्या, २२ किलो वजनाच्या होडीत हा माणूस सामानाशिवाय बसला तर एकूण १०० किलो भरतात, म्हणजे होडीचा तिसरा हिस्सा पाण्याखाली. सामानासकट ११८ किलो, म्हणजे चाळीस टक्के. तोच माणूस तेवढंच सामान घेऊन २४० लिटरच्या, २० किलोच्या छोट्या होडीत बसला तर निम्मी होडी पाण्यात. निम्मी बुडालेली होडी बुडत नाही, पण तिच्या डेकवर, म्हणजे वरच्या झाकलेल्या भागावर, प्रत्येक लाट चढून बसते आणि मुख्य धार व भोवरा यांच्यामधली रेघ ओलांडताना होडीचा काठ पाण्यात घुसतो.

आणि हे वजन सारखं पसरत नाही. अडचणीचं मूळ इथे आहे. पांढऱ्या पाण्याच्या, म्हणजे फेसाळ खळाळासाठी केलेल्या कयाकमध्ये सामानाची खरी जागा एकच, बैठकीच्या मागे. पुढे पाय असतात, पायांपुढे पाय टेकवायची भक्कम पाटी, आणि तिच्याही पुढे उरतो तो निमुळता कोपरा. म्हणून बहुतेक ओझं शेपटीत जातं. शेपूट बसली की नाक वर होतं. सपाट पाण्यात हे दिसायला रुबाबदार दिसतं, पण खळाळात त्याची किंमत मोजावी लागते. लाट आली की आधीच वर असलेलं नाक आणखी वर जातं. मोठ्या लाटेमागच्या फेसाळ खड्ड्यातून, म्हणजे होलमधून, बाहेर पडताना उलटं फिरणारं पाणी सगळ्यात शेवटी शेपटीला भेटतं. जड, खोल बसलेली शेपूट त्या पाण्याच्या तावडीत सापडते, मागे ओढली जाते आणि होडी नाक आभाळाकडे करून उभी राहते. बसणाऱ्याला वाटतं आपलं वल्हवणं चुकलं. चूक बहुतेक वेळा सकाळी किनाऱ्यावर झालेली असते.

यातून निवडीची पहिली अट निघते. शेपटीत भरपूर पोकळी हवी, आणि ती पोकळी बैठकीच्या जवळ हवी. हल्ली लोकप्रिय असलेल्या, पुढून फुगीर आणि मागून सुरीसारख्या चपट्या हाफ-स्लाइस होड्या या अटीवर पहिल्याच फेरीत बाद होतात. त्या मजेसाठी केलेल्या आहेत, शेपूट पाण्याखाली दाबून उभं राहता यावं म्हणून. त्यांत साडेअठरा किलो शिरतच नाही, आणि कसंबसं कोंबलं तर जी करामत हौसेने करायची ती होडी आपणहून, नको तिथे करते.

मग उरतात तीन जाती. पहिली क्रीकर: साधारण आठ ते नऊ फूट, गोलसर टोकं, पोट मोठं, नाक आणि शेपूट दोन्ही केळ्यासारखी वर वळलेली. हे वळण म्हणजे रॉकर. भरलेली होडी खोल बसते तेव्हा रॉकरचा काही भाग पाण्यातच जातो, म्हणून मुळात जरा जास्त असलेलं बरं. क्रीकर चुका पोटात घालते. धबधब्याच्या ओठावरून नाक उचलून उडी घ्यायची, ज्याला बूफ म्हणतात, ती भरलेल्या क्रीकरमध्येही जमते; फक्त वेग जास्त लागतो आणि शेवटचा फटका अर्धा क्षण आधी मारावा लागतो. तिचा दोष सपाट पाण्यातला. जंस्कारच्या पहिल्या दिवशी समोरून वारा सुटला की क्रीकरवाला सगळ्यात मागे राहतो आणि त्याचे खांदे सगळ्यात आधी बोलायला लागतात.

दुसरी जात क्रॉसओव्हर. साधारण दहा फूट, मागच्या डेकवर झाकणाची कोठी, आणि सरळ चालावी म्हणून खाली सोडता येणारं छोटं पंख, स्केग. लिक्विडलॉजिकची रिमिक्स एक्सपी, डॅगरची काताना, पिरान्हाची फ्यूजन ही यातली ओळखीची नावं. कागदावर ही होडी अनेक दिवसांच्या नदीप्रवासासाठीच जन्मल्यासारखी दिसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीपर्यंत ते खरंही आहे. ऋषिकेशच्या वर देवप्रयागहून निघून दोन दिवसांत सावकाश खाली यायचं असेल तर यापेक्षा सुखाची होडी शोधून सापडणार नाही. पण कोठीच्या झाकणावर विश्वास टाकू नये. त्याची रबरी कड वाळू खाते, उन्हाने कडक होते, आणि उलटी झालेली होडी खडकावर घासली तर झाकणच निघून येऊ शकतं. आत प्रत्येक वस्तू स्वतःच्या जलरोधक पिशवीत हवी, झाकण नाहीच असं समजून. स्केगच्या फटीत बारीक खडा बसला की ते खाली येत नाही, ही नेहमीची तक्रार. त्याला दोरीचा छोटा फासा बांधून ठेवावा, म्हणजे किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला ओढून मोकळं करता येतं.

तिसरी जात लांब होड्यांची, अकरा-बारा फुटी. वेग भरपूर, सामानाला जागा भरपूर, मोठ्या लाटा कापत जातात. अमेरिकेत कोलोरॅडोच्या ग्रँड कॅन्यनमध्ये लीज फेरीपासून डायमंड क्रीकपर्यंत २२६ मैल, किंवा नेपाळात सुनकोशीवर सुमारे २७० किलोमीटर जायचं असेल, म्हणजे पाणी मोठं, रुंद आणि खडक दूर दूर, तर लांब होडी शहाणपणाची. अरुंद आणि खडकाळ जागी तिची लांबीच वैरी होते. दोन खडकांमध्ये बारा फूट आडवे अडकायला आठ फुटांपेक्षा फार कमी निमित्त लागतं, आणि भरलेली लांब होडी खडकावरून सोडवणं हा दोन माणसांचा खेळ राहत नाही.

जंस्कारसाठी, राफ्ट नसताना, कौल मोठ्या क्रीकरच्या बाजूने, त्यातही ज्यांची शेपूट जरा लांब आणि भरीव आहे अशा नव्या घडणीच्या होड्यांकडे. दोन मापांत अडलात तर मोठं माप घ्या आणि आतली सैल जागा फोमने भरा. मात्र हे कमरेच्या आणि मांड्यांच्या जागेबद्दल आहे. बाजूंना पॅड चिकटवून होडी घट्ट करता येते, पण डेक एवढं उंच असेल की मांडीचा टेका लागतच नाही, तर कितीही फोम लावून ती होडी काठावर वळणार नाही.

काठाचं थोडं जास्त सांगायला हवं. तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड धारदार असली तर रिकामी होडी वळणावर छान पकड घेते. वजन वाढलं की तीच धार पाण्याच्या पातळीच्या जवळ येते आणि प्रवाह बदलला की आधी तीच पकडली जाते. दिवसाच्या शेवटी, थकल्यावर, गारठल्यावर, लक्ष जरा ढळलं की भरलेल्या होडीत उलटायचे प्रसंग येतात ते या कारणाने. मधल्या भागात सौम्य धार आणि टोकांकडे गोलाई, ही तडजोड ओझ्याला मानवते.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. बहुतेक होड्या साच्यात फिरवून केलेल्या पॉलिथिनच्या असतात. साधं, लिनिअर पॉलिथिन तडकलं तर वितळवून जोडता येतं. क्रॉसलिंक्ड जास्त टिकाऊ, पण त्याला डाग देता येत नाही. नदीवर दोन्हींचा तात्पुरता उपाय एकच: छपराची गळती थांबवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती डांबराची चिकटपट्टी. भेग पूर्ण कोरडी करायची, पॉलिश पेपरने खरवडायची, स्टोव्हच्या आचेवर प्लास्टिक कोमट करायचं आणि पट्टी बाहेरून दाबून बसवायची. ओल्यावर लावलेली पट्टी पहिल्याच खळाळात नदीला अर्पण होते.

जुनी होडी घेत असाल तर बैठकीखालचा तळ आणि शेपटीचं खालचं टोक आधी पाहा. भरलेल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि झिजतात त्या इथेच. बाहेरून बॅटरी लावून आतून पाहिलं की पातळ झालेली जागा जास्त उजळ दिसते. रंग उडून पिठूळ झालेलं प्लास्टिक उन्हात राहिलेलं असतं, ते थंड पाण्यात ठिसूळ वागतं. बैठकीच्या बोल्टांभोवती आणि कॉकपिटच्या कडेखाली केसाएवढ्या भेगा शोधा. दोर बांधायच्या दांड्या हाताने नव्हे, पाना लावून तपासा, कारण अडकलेली होडी ओढताना सगळा ताण त्यांच्यावर येतो. आणि बैठकीमागचा उभा खांब काढता येतो का, जाड आहे का, हेही बघून घ्या. डेक चेपू नये म्हणून तो लागतोच, पण त्याच्या दोन बाजूंना किती रुंद पिशव्या जातात ते त्यावरच ठरतं. टेप घेऊन ती फट मोजा. फट १५ सेंटिमीटर असेल तर २० लिटरची गोल पिशवी आत जाणार नाही, मग होडीचं आकारमान कितीही छापलेलं असो.

भरायच्या पिशव्या लांब आणि निमुळत्या घ्या, चार किंवा पाच, दोन्ही बाजूंना जोडीने. वळकटीचं तोंड बैठकीकडे, म्हणजे ओढून काढता येते. जड सामान, म्हणजे शिधा, इंधन, पुल्या, बैठकीला चिकटून आणि तळाशी. स्लीपिंग बॅगसारखं हलकं आणि फुगीर सामान टोकाकडे. पायाच्या पाटीपुढे चटई किंवा कपड्यांची पिशवी बसली तर नाक थोडं खाली येतं, आणि साडेअठरातले दोन किलो पुढे गेले तरी फरक कळतो. पण पाटी त्या पिशवीवर टेकून राहता कामा नये. ती स्वतःच्या बोल्टांवर घट्ट असायला हवी, नाहीतर खडकावर आदळल्यावर पाय पिशवीसकट पुढे घसरतात. कॉकपिटमध्ये सुटं काहीही नको. फेकायचा दोर आणि पाण्याची बाटली बांधलेली, आणि बाकी सगळी रिकामी जागा हवेच्या पिशव्यांनी भरलेली. होडीतून बाहेर पडून पोहायची वेळ आली तर दहा लिटरची हवेची पिशवी दहा किलो पाणी बाहेर ठेवते. पाण्याने भरलेली होडी प्रवाहात माणसाचं ऐकत नाही.

आणखी एक गफलत दिसायला क्षुल्लक असते. एका बाजूची पिशवी दुसरीपेक्षा दोन किलो जड. होडी किंचित तिरकी चालते, वल्हवणारा नकळत कमरेने तिला सावरत राहतो, आणि संध्याकाळी एका बाजूची पाठ धरते. घरच्या वजनकाट्यावर पिशव्यांच्या जोड्या लावून त्यावर आकडे लिहून ठेवले की हे टळतं.

या सगळ्याची परीक्षा लडाखात करू नये. महाराष्ट्रात कोलाडची कुंडलिका आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून उतरून तिच्यात येतं आणि पाणी सोडलं की सकाळी काही तास नदी चालते, उन्हाळ्यातही. श्रेणी दुसरी-तिसरी, टप्पा जेमतेम १२-१५ किलोमीटरचा, पाणी उबदार. जंस्कारच्या मानाने लुटुपुटूची, पण भरलेल्या होडीचा स्वभाव कळायला पुरेशी. तिथे तंबू-शिधा नेण्याचीही गरज नाही. लिटरच्या अठरा बाटल्या पाण्याने भरून पिशव्यांत विभागल्या की अठरा किलो झाले. आधी संथ पाण्यात बसा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला बाजूने फोटो काढायला सांगा. नाक आणि शेपूट पाण्यापासून किती वर आहेत ते फोटोत खोटं बोलत नाही. मग दोन्ही बाजूंनी दहा-दहा रोल, म्हणजे उलटून आत बसल्या बसल्याच पुन्हा सुलटं होणं. भरलेली होडी उशिरा फिरायला लागते, पण एकदा फिरली की वजनच तिला पूर्ण करतं. म्हणून घाईने डोकं वर काढायची सवय इथे नडते. त्यानंतर मुद्दाम उलटून बाहेर या, होडी पाण्याने भरू द्या आणि ती ओढत काठाला आणा. एवढं केल्यावर बऱ्याच जणांचं सामान पुढच्या खेपेला चार किलोंनी कमी झालेलं असतं.

होडी लडाखपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न कधी कधी सगळ्या तुलनेवर मात करतो. नऊ फुटी वस्तू विमानात घालणं विमान कंपनीच्या मर्जीवर असतं. मनालीमार्गे गाडीच्या टपावरून नेणं खात्रीचं. नेपाळात जायचं असेल तर काठमांडू किंवा पोखऱ्यात भाड्याने घेणं सोपं. भाड्याच्या होडीत हवं ते मॉडेल मिळेलच असं नाही, पण वर सांगितलेली फट मोजायला आणि बाटल्यांची परीक्षा घ्यायला तिथेही कुणी अडवत नाही. पॅकराफ्ट हा तिसरा रस्ता: तीन ते पाच किलोची, हवा भरायची, सामान तिच्या फुग्यातच चेनमागे ठेवता येणारी. वाऱ्यात ती पानासारखी भरकटते आणि मोठ्या होलमध्ये थांबते, पण पुणे स्टेशनवर ती पाठीवर घेऊन चढता येतं, हे तिच्या बाजूने मान्य करावंच लागेल.

एवढं करूनही ओझं पाच दिवस सारखं राहत नाही. रोज शिधा जवळपास एक किलोने कमी होतो, इंधन घटतं, आणि तंबू मात्र दवाने आणि वाळूने जड होत जातो. शिधा बैठकीजवळ होता, तंबू मागे. म्हणजे दिवसागणिक वजन शेपटीच्या टोकाकडे सरकतं, नेमकं नको तिकडे. चौथ्या सकाळी, चिलिंगच्या वर जिथे मुक्काम असेल तिथे, सगळ्या पिशव्या बाहेर काढून तंबू बैठकीला लावायचा, कपडे टोकाकडे ढकलायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत हवेची पिशवी फुगवायची. कॉकपिटच्या कडेवरची वाळू पुसायची, नाहीतर स्कर्ट, म्हणजे कमरेभोवतीचं पाणी अडवणारं झाकण, तिच्यावर नीट बसत नाही. मग दोघांनी मिळून होडी उचलायची, ओढायची नाही, आणि पाण्यात ठेवून एकदा बाजूने बघायचं.